नव्वद ग्रॅमची घट

घरात पूर्ण किमतीला घेतलेली वस्तू एकच, असं रंजनाचा नवरा हिलाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो. हजीऱ्याच्या कारखान्यात पाळी करून दमून आलेला माणूस. त्याला एवढा विनोद पुरतो. रंजनाही दर वेळी तेच उत्तर देते, "तेव्हा मला भाव करता येत नव्हता ना!"

आता येतो. लिंबायतच्या त्यांच्या इमारतीत कुणाच्या मुलाचा वाढदिवस जवळ आला की आधी केकवाल्याला नाही, रंजनाला फोन जातो. "ताई, ब्लॉक्सचा तो पोलीस स्टेशनवाला सेट, तीस टक्के सूट दाखवतोय. घेऊ का?" रंजना भाजी चिरता चिरता विचारते, "कधीपासून दाखवतोय? गेल्या महिन्यात किती होता?" तो भाव कोण लिहून ठेवतो! रंजना ठेवते. तिच्या फोनमध्ये तारखेसकट फोटो काढून ठेवलेले भाव आहेत. सेल लागायच्या आठ दिवस आधी किंमत गुपचूप कशी वर चढते आणि मग गाजावाजा करून जागेवर कशी येते, हे तिने सगळ्या इमारतीला दाखवून दिलं आहे. "सूट पाटीवर नसते गं," ती म्हणते, "मागच्या भावात असते."

ही विद्या तिला खेळण्यांनी शिकवलेली नाही. अमळनेरहून बी.कॉम. होऊन ती सुरतेला सून म्हणून आली आणि चौदा वर्षं रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये साड्यांचं चेकिंग करते आहे. साडी उजेडावर धरायची, तुटका धागा, डाग, छपाईतली चूक बघायची आणि ठरवायचं, हा माल फ्रेश, हा सेकंड. सेकंड म्हणजे वाईट नव्हे. पदराच्या आत कुठे एक गाठ, नेसल्यावर दिसणारही नाही. भाव मात्र निम्मा.

पाच वर्षांपूर्वी मुलीला, रश्मीला, घेऊन ती पहिल्यांदा मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात गेली आणि प्लास्टिकच्या विटांच्या डब्यावरचा आकडा बघून तिला हसूच आलं. घरी येऊन सासूला सांगितलं तर सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला. "इतला पैसामां तं गावले खरी भित उभी ऱ्हाई जाई, माय!" पण रश्मी त्या दुकानात नमुन्याच्या विटांशी तासभर पूल बांधत बसली होती. घरी परतताना तिने रिक्षात आईला समजावलं की उड्डाणपुलाचे खांब मधे रुंद का असतात. सहा वर्षांची पोर. रंजनाने त्याच रात्री ठरवलं, ह्या विटा घरात यायच्या, पण आपल्या भावाने.

मग तिने दुकानं पिंजून काढली. डब्याचा कोपरा दबला की दुकानदार तो मागच्या फळीवर टाकतो आणि विचारल्याशिवाय दाखवत नाही, हे कळलं. कंपनी एखादा सेट बंद करणार असली की आधी त्याची जाहिरात थांबते, मग भाव उतरतो, हेही. आणि प्रत्येक सेटचं वजन ती लिहून ठेवू लागली. ऑनलाइन पानावर खाली बारीक अक्षरात ते दिलेलं असतं, कोणी वाचत नाही. सुताचा व्यवहार वजनावर चालतो. मार्केटमधल्या बाईला वजनाशिवाय झोप कशी लागणार!

अशी ही रंजना यंदाच्या दिवाळीत मात्र चुकली.

रश्मी आता अकरा वर्षांची. शाळेच्या विज्ञान मंडळात तिने एक क्रेन कागदावर काढली होती, दातेरी चाकांची, मोटरवर चालणारी. बाईंनी तिला गटप्रमुख केलं, पण अट घातली: दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या सोमवारी क्रेनने अर्धा किलो वजन उचलून दाखवायचं. नाही जमलं तर प्रदर्शनाला दुसरा गट जाईल. त्यासाठी मोटरवाला मोठा सेट लागणार होता. दसऱ्याला त्यावर वीस टक्के सूट होती.

"घेऊन टाक," हिलाल म्हणाला.

"लाभपाचमनंतर निम्म्यात येईल. दिवाळीनंतर माल उतरतो, मला नका शिकवू."

साड्यांचा उतरतोच. पण साडी संपली तर पुन्हा विणली जाते. दिवाळीच्या आदल्या दिवशी रंजनाने फोन उघडला तर सेटपुढे लिहिलेलं, 'उपलब्ध नाही'. दुसरीकडे तेच. तिसरीकडे तेच. कंपनीने तो बंद केला होता. जाहिरात थांबली तेव्हाच तिला कळायला हवं होतं. इतरांना ती हेच तर सांगत आली होती.

"हातनं सोडीसन पळतानामांगे कसाले धावनी?" सुभद्राबाई म्हणाल्या. रश्मी नुसती वहीतल्या क्रेनच्या चित्राला रंग देत बसली, आणि रंजनाला ते सासूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पण हातपाय गाळणारी बाई ती नव्हे. दोन दिवसांत तिने सुरतेतल्या एकोणीस दुकानांना फोन केले. अडाजणच्या एका म्हाताऱ्या शेठनी सांगितलं, "एक ज पीस छे, बेन. डबो दबाई गयो छे. पण हवे दुकान लाभपाचमे खूलशे." दिवाळीनंतर बंद झालेली दुकानं लाभपाचमच्या, म्हणजे कार्तिक पंचमीच्या, मुहूर्ताशिवाय उघडत नाहीत, पैसे पाठवते म्हटलं तरी शेठ ऐकेनात.

लाभपाचमला सकाळी साडेसातलाच मायलेकी दुकानासमोर हजर. शटर वर गेलं, शेठनी देवाला दिवा लावला आणि वळून बघतात तर दारात गिऱ्हाईक.

"आवो आवो बेन, साल मुबारक! बोणी तमारा हाथे."

शेठनी डबा काढला, धूळ पुसली आणि मुहूर्ताचा पहिला माल म्हणून त्यावर कुंकवाचा टिळा लावला. एक कोपरा दबलेला. ते चालेल. पण रंजनाची नजर कडेच्या चिकटपट्टीवर गेली. एकदा उलगडलेली साडी पुन्हा त्याच घडीत बसत नाही. ही पट्टी एकदा निघालेली होती.

"शेठ, हे उघडलेलं आहे."

"ना रे ना, बेन. सीलबंध माल."

"मग वजन करू."

शेठ हसले, पण शेजारच्या फरसाणवाल्याचा काटा आला. रंजनाने फोनमध्ये लिहिलेला आकडा काढला. काट्यावर नव्वद ग्रॅम कमी भरले.

रश्मीने आईचा हात धरला. "आई, मोटर साधारण तेवढीच असते."

"उघडून बघू या," रंजना म्हणाली. तेवढं मात्र शेठना मंजूर नव्हतं. कुंकू लागलेला डबा दुकानात फोडला तर वर्षाचा शकुन फुटला. आणि मुहूर्ताचा माल घरी जाऊन परतही यायचा नाही. दुसऱ्या बाजूने शेठही अडकले होते: बोणीचं, पहिल्या विक्रीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवणं त्याहून वाईट.

रंजनाने लेकीकडे बघितलं. रश्मीला डबा हवा होता, आणि आपण मागितला तर आईचा भाव बिघडेल हेही तिला समजत होतं. म्हणून ती छताकडे बघत उभी होती. पोरीने आपल्याकडून हेही उचललं, असं रंजनाच्या मनात आलं.

"नव्वद ग्रॅमची घट आहे, शेठ. काय कमी आहे ते देव जाणे. निम्म्याच्या खाली या."

"खाली?"

"मोटर नसली तर माझ्या मुलीची क्रेन उभी राहणार नाही. ती जोखीम मी घेतेय, तुम्ही नाही."

शेठनी देवाकडे बघितलं, मग रश्मीकडे, मग मान हलवली. "बेन, तमे कापडमां छो?"

"चौदा वर्षं."

"एटले ज," तरीच, अशा सुरात ते म्हणाले आणि छापील किमतीच्या एक तृतीयांशात डबा दिला.

बसमध्ये रंजनाने डबा मांडीवर घट्ट धरला होता. इतका उतरलेला भाव तिने आजवर मिळवला नव्हता आणि इतका कमी आनंदही तिला कधी झाला नव्हता. मोटर नसली तर? बंद झालेल्या सेटची सुटी मोटर आणायची कुठून? वीस टक्क्यांवर भागवायला तयार नसलेली आई, असं सोमवारी वर्गात कोणी म्हणणार नाही. पण रश्मीला आयुष्यभर आठवेल.

घरी स्वच्छ चादर अंथरली. रंजना बसली, जशी साड्यांच्या ढिगापुढे बसते. पिशव्यांवर आकडे होते. एक, दोन, तीन. सुभद्राबाई चष्मा लावून शेजारी. हिलाल रात्रपाळीहून आलेला, डोळे चोळत उभा. चौथी, पाचवी. सहाव्या पिशवीतून रश्मीने करड्या रंगाचा ठोकळा बाहेर काढला, वायरीसकट.

"मोटर!"

"मग कमी काय शे?" सुभद्राबाईंनी विचारलं.

पिशव्या सगळ्या कारखान्यातून आलेल्या तशाच बंद होत्या. रंजनाने डबा उपडा केला, झटकला, आणि मग तिला उमगलं. कसं जोडायचं ते दाखवणारं जाड पुस्तक नव्हतं. घट मालात नव्हती, कागदात होती.

"कागद? त्यासाठी तू त्या म्हाताऱ्याला एवढं पिळलंस?" हिलाल हसत सुटला. "वकील हो गं तू!"

रश्मीने तोवर काम सुरूही केलं होतं. पुस्तक कंपनीच्या पानावर फुकट मिळतं, हे तिला ठाऊक होतं. पण तिने फोन मागितला नाही. वही उघडली आणि आपल्याच चित्राप्रमाणे चाकं लावत गेली. दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा, दुपारी चारच्या सुमारास, क्रेनने हरभऱ्याच्या डाळीची अर्ध्या किलोची पिशवी चादरीवरून वीतभर उचलली आणि तशीच धरून ठेवली. सुभद्राबाईंनी आधी डाळीवर नजर टाकली, मग नातीवर, आणि बोटं कानशिलावर मोडली.

रंजना उठून गॅलरीत गेली. मार्केटमध्ये ज्याने एकदा खोटी घट सांगितली, त्याची खरी घटही पुढे कोणी मानत नाही. तिने शेठना फोन लावला.

"शेठ, माल पूर्ण निघाला. फक्त पुस्तक नव्हतं. मी मोटर नसेल असं धरून भाव पाडला. वरचे पैसे पाठवते."

शेठ गुजरातीत म्हणाले की बोणीचे पैसे परत फिरत नाहीत, त्यांनी तरी आजवर कधी फिरवले नाहीत. आणि जरा ओशाळून सांगितलं की पुस्तक घरी सापडलं. सुट्टीत त्यांची नात दुकानात बसली होती, तिने चित्रं बघायला काढलं असणार आणि पट्टी परत चिकटवून दिली असणार. उद्याच्या उद्या पाठवून देतो.

रंजनाने दारातून आत बघितलं. रश्मी क्रेनची मान वळवून डाळ आजीच्या मांडीवर उतरवत होती.

"राहू द्या, शेठ. तुमच्या नातीकडेच राहू द्या. फक्त एक करा."

"बोलो ने, बेन."

"पुढचा सेट बंद होणार असं कंपनीकडून कळलं की मला आधी फोन. डबा दबलेला असला तरी चालेल. पण दसऱ्याच्या आधी."