‘कामाला लागले’ : तळवड्याची एक फेरी

फलटणहून स्वारगेटची पहिली एसटी धरली. पुढे निगडीची शहरबस. ज्या शहरात उमेदीची वर्षं घालवली त्या शहरात पाहुण्यासारखा निघालो होतो, आणि तेही एका मुलीबद्दल मीच बोललेलं मागे घ्यायला.

मध्यंतरी चाकणला बहिणीच्या नातवाचं बारसं झालं. पंगतीत जिलबी वाढायला एक उंच आफ्रिकी मुलगी होती. अंगात पांढरा एप्रन, केटररच्या पोरांसारखाच. “आकुर्डीच्या कॉलेजात शिकते,” शेजारच्या पानावरचे गृहस्थ म्हणाले. त्याच कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांच्या टेबलावर मी निवृत्त होईपर्यंत बसलो होतो. विद्यार्थी म्हणून व्हिसा घेऊन आलेल्याला पगारी काम करता येत नाही. बाहेर नाही आणि कॉलेजच्या आवारातही नाही. आपली मुलं ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात किंवा बागेत काम करतात, त्यातही आम्ही परदेशी मुलांना घेत नसू. मी त्याच संध्याकाळी जुने सहकारी जाधव यांना फोन लावला, “तुमची एक मुलगी चाकणला वाढप्याचं काम करते.” नियम अजून मलाच पाठ आहेत हे दाखवायची खुमखुमी, दुसरं काही नाही.

मागच्या आठवड्यात बहिणीनं सांगितलं, ती मुलगी तिच्या तळवड्याच्या घरमालकीण सुमनताईंबरोबर पाहुणी म्हणून आली होती. आता कॉलेज तिला बोनाफाइड (विद्यार्थी असल्याचा दाखला) देईना. तो नसेल तर व्हिसा वाढत नाही, शेवटचं वर्ष अर्धवट टाकून टांझानियाला परतावं लागेल.

खरं सांगतो, निघालो तरी संशय गेला नव्हता. बहीण भोळी आहे. मुलगी खरोखरच कामाला असली तर? आधी स्वतः बघायचं आणि मग कॉलेजात जायचं, असं ठरवलं.

निगडीला झणझणीत मिसळ खाऊन रिक्षात बसलो. चाकणकडच्या कंटेनरच्या रांगेतून वाट काढत रिक्षावाल्यानं न विचारता आयटी पार्कच्या फाटकाशी उतरवलं. “कुनाला भेटायचंय? पास?” रखवालदारानं मला खालून वर न्याहाळलं. “गावात जायचंय,” म्हटलं. “गाव पलीकडं हाय. हितं थांबू नका.”

धुळीसाठी तोंडाला उपरणं गुंडाळून चालत सुमनताईंच्या दारात पोचलो. मुलगी त्यांच्याच वरच्या खोलीत राहते.

“कंपनीचे का पोलिसाचे?” सुमनताईंनी दार अर्धंच उघडलं.

“चाकणच्या कुसुमचा भाऊ मी.”

“मग तोंड कशाला लपवताय?”

अंगणात दोरीवर पांढरा एप्रन वाळत होता. माझी नजर तिथेच अडकली. “हा केटरिंगचा?”

“व्हय, आन् मी इमान चालवते! कॉलेजातल्या प्रयोगाचा हाय तो. बारशाला नवा ड्रेस घातलावता पोरीनं. पाकाचे डाग पडतील म्हनून मीच म्हनलं, घाल वरनं.”

पंगतीतली ती मुलगी, नीमा, चहा-भाकरी घेऊन खाली आली. “आमच्याकडे पण चहा, चपाती. नावं पण जवळजवळ हीच,” ती हसून म्हणाली. कॉलेजात आणि या घरात उचललेलं स्वच्छ मराठी. कॉलेजात काय विचारलं, असं मी चाचपून विचारलं.

“चाकणला काय करत होतीस, विचारलं. मी मराठीत उत्तर दिलं. वाटलं, खूश होतील.”

“काय सांगितलंस?”

“मावशीबरोबर गेले आणि कामाला लागले.”

कप माझ्या हातातच राहिला. या घरात दिवसभर ‘कामाला लाग गं’ चालत असणार. म्हणजे ऊठ, हात हलव. पण ऑफिसात ‘कामाला लागले’ म्हणजे नोकरी धरली. आधी माझा फोन, त्यावर तिच्याच तोंडचा कबुलीजबाब!

“पंगत बसली, वाढायला मान्सं कमी पडली,” सुमनताई म्हणाल्या. “म्हनलं, चल, कामाला लाग. घरचीच हाय, नुसती बसवून ठिवू का?”

“कॉलेजात फोन मीच केला होता,” मी म्हणालो.

सुमनताईंनी माझ्यापुढची भाकरीची ताटली उचलून आत नेली. नीमानं माझा चेहरा निरखून पाहिला.

“तुमच्या पानात मीच वाढलं होतं. तुम्ही ‘अजून एक’ म्हणालात. तेव्हा मला का नाही विचारलं?”

“चला, आत्ताच कॉलेजात जाऊन सांगतो,” म्हणत मी उठलो. आम्ही तिघं आकुर्डीला निघालो.

जाधवांनी मला एकट्यालाच आत घेतलं आणि दार लावलं. “सर, कुणाचा दबाव आहे का?”

“नाही.”

“मग तेव्हा सांगितलंत ते खोटं?”

“पाहिलं ते खरं होतं, लावलेला अर्थ खोटा.”

“फोनवर एवढं ठासून बोलला होतात! आता लेखी द्या, साक्षीदार आणा.”

संशय घेतला तेव्हा माझा शब्द पुरला होता, मागे घेताना पुरेना. मी लिहून दिलं. सुमनताईंना आत बोलावलं. त्यांनी बारशाची सगळी हकीकत सांगितली आणि टेबलावर हात टेकला. “साहेब, ‘कामाला लाग’ तिला मीच म्हनले. आता तुमालाबी म्हनते, लागा कामाला.”

जाधवांना हसू आवरेना. प्राचार्यांकडे जाऊन आले आणि दाखल्यावर सही झाली. नीमानं तो उभ्याउभ्याच वाचला, पुन्हा वाचला, मग ओढणीनं डोळे टिपले.

बाहेर रस्ता ओलांडताना दुभाजकाला पाय अडखळून माझा तोल गेला. नीमाचा हात झटकन पुढे आला आणि मध्येच थांबला. तिनं वळून कॉलेजच्या फाटकाकडे पाहिलं. “काका, धरलं तर चालेल ना?”

“चालेल गं,” म्हणालो. पण तोवर सुमनताईंनी माझा दंड धरला होता.

फलटणच्या गाडीत खिडकीशी बसलो. दाखला मिळवून दिला, याचं समाधान आहे. पण घरचंच कार्य समजून मदतीला धावायचं, ही इथली रीत त्या मुलीनं परक्या मुलखात येऊन उचलली होती. आता हात पुढे करण्याआधी ती फाटकाकडे बघते. तिला ते मी शिकवलं.