भविष्यातली किल्ली

चामराजपेटच्या विमलाअक्कांनी उमेदीची वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले आणि त्यातले निम्मे ऐकले. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला मूळव्याध झाली, त्यांना आधी कळायचं. त्यामुळे मधला माणूस कान लावून बसलेला असतोच, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा.

निवृत्त झाल्यावर जुन्या कंप्युटरवर लिनक्स घालून त्यांनी ठरवलं, देवनहळ्ळीच्या धनलक्ष्मीला मेल पाठवायची ती कुलूपबंदच. धनलक्ष्मी त्याच एक्स्चेंजमधली. कान तसेच, जीभ जास्त. तिनं परवा नवी किल्ली बनवून पाठवली. त्या किल्लीनं बंद केलेली मेल फक्त तिलाच उघडता येणार होती.

पण कंप्युटर अडून बसला. म्हणे, ही किल्ली भविष्यात तयार झालेली आहे.

"मुहूर्त काढू का आता?" अक्का कडाडल्या.

रविवारी एचएसआर लेआउटहून सून सुप्रीता आली. इंजिनिअर. तिनं मेलचा प्रोग्रॅम उडवून पुन्हा घातला. भविष्य हटेना.

"अत्ते, सरळ व्हॉट्सॲप करा की," ती सासूला म्हणाली.

"आणि तुझ्या नवऱ्यानं मागून डोकावून वाचायचं?"

सुप्रीता चहा करायला गेली. अक्कांना एक्स्चेंजचा धडा आठवला: लाइन बिघडली की दोन्ही टोकांना विचारायचं. त्यांनी फोन लावला.

"धना, तुझ्या कंप्युटरवर तारीख काय?"

"एकवीस. डोकं ठिकाणावर आहे ना?"

अक्कांच्या पडद्यावर दहा होती.

कंप्युटरनं वेळ इंटरनेटवरून घ्यायची सोय अक्कांनीच बंद केली होती; परक्यानं आपल्याला वेळ का सांगावी? रोज मनगटावरचं घड्याळ बघून त्या तास-मिनिटं लावायच्या, तारखेकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. कंप्युटर बंद असताना त्याचं घड्याळ चालू ठेवणारा आतला सेल मेलेला. तंजावरला लग्नाला गेल्या तेव्हा एरवी रात्रंदिवस चालू असणारा कंप्युटर अकरा दिवस बंद होता; घड्याळही तेवढे दिवस झोपलं.

त्यांनी निमूट तारीख बदलली. मेल सुटली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून बटणाएवढा सेल आणून बसवला. परक्याची वेळ मात्र घेतली नाही ती नाहीच.

त्याच संध्याकाळी धनलक्ष्मीचं उत्तर आलं. अक्का इतक्या हसल्या की ठसका लागला. तेव्हा फोनवर पलीकडे सुप्रीता होती.

"काय लिहिलंय, अत्ते?"

"सांगण्यासारखं असतं तर तिनं कुलूप लावलं असतं का?"