डायलिसिसवरचे पाळक

"सर, हात हलवू नका! मशीन ओरडायलंय."

प्रभुदास सरांना हे मी दर वेळी सांगायचे. गुलबर्ग्यातल्या आमच्या डायलिसिस युनिटमध्ये ते आठवड्यातून तीनदा यायचे. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. हातात सुया टोचून रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. तेवढा वेळ हात स्थिर हवा. पण सर गणिताचे मास्तर. हातवारे केल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. आणि शेजारच्या बेडवरच्या शरणप्पांना बायबलमधली गोष्ट सांगताना तर मुळीच नाही.

शरणप्पा तुरीचे व्यापारी. अडतीत आवाज मोठा, पण सुई दिसली की घाम फुटायचा. एकदा म्हणाले, "मास्तर, तुमच्या देवाला माझ्यासाठी पण काही सांगा की."

सरांनी प्रार्थना केली. मी सुई टोचली. शरणप्पा ओरडले नाहीत. पुढच्या वेळी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मास्तर आलेत का?"

त्या दिवशी सर मला म्हणाले, "सिस्टर, एवढी वर्षं गणित शिकवलं, 'सर, उद्या पण या' असं कुणी म्हणलं न्हाई. हिथं म्हणायलेत. मला पाळक व्हायचंय."

पाळक म्हणजे चर्चचे पास्टर. सरांनी त्यासाठीचा बायबलचा कोर्स पूर्वीच केला होता. प्रभू बोलावतोय असं तेव्हाही वाटायचं, पण नोकरी, मुलींची शिक्षणं यांत ते राहून गेलं. त्यांच्या बायकोनं, सुमनअक्कानं, हे ऐकून कपाळाला हात लावला.

"धडधाकट होतात तवा देवाला थांब म्हणलात. आता अंगात जीव न्हाई, आता कामून निघालात?"

"आता थांब म्हणायला जमंना, म्हणून."

अक्का हसली आणि मग डोळे पुसत बाहेर गेली.

खरी अडचण वेगळीच होती. सगळ्या पाळकांवर देखरेख ठेवणारे सुपरिंटेंडंट साहेब होते. त्यांच्याकडं हुमनाबादजवळच्या एका गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, पाळकाची जागा रिकामी होती. साहेबांनी सरळ विचारलं, "तुम्ही निम्मा आठवडा गुलबर्ग्याला मशीनवर. गावातलं लग्न, मयत कोण बघणार?"

प्रश्न बरोबर होता. मी डॉक्टरांकडं गेले आणि पीडीचा विषय काढला. पीडी म्हणजे पोटातलं डायलिसिस. छोटं ऑपरेशन करून पोटात एक नळी बसवतात. तिच्यातून औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं आणि घाण घेऊन आलेलं पाणी काढून टाकायचं. दिवसातून चार वेळा. मशीन लागत नाही, घरी करता येतं. मोठा धोका एकच, इन्फेक्शनचा. हात धुण्यात आळस केला की पोट सडलंच.

नळी बसली, जखम भरली. मी दोघांना शिकवायला बसले. अक्का लगेच शिकली. सर हात धुता धुता बोलायला लागायचे आणि त्याच हातानं चष्मा सरळ करायचे.

"परत धुवा, सर."

"सिस्टर, तुम्ही माझ्या हेडमास्तरापेक्षा कडक हाव."

हळूहळू जमलं. साहेब तयार झाले, पाळकपदाच्या दीक्षेची तारीख ठरली, पत्रिका वाटल्या गेल्या. आणि नेमका दोन दिवस आधी सरांचा फोन आला. "सिस्टर, पाणी गढूळ आलंय."

गढूळ पाणी म्हणजे इन्फेक्शन. "आत्ता निघा," मी म्हणाले. ते निघालेच होते, बसमधून बोलत होते.

ॲडमिट केलं, पोटात सोडायच्या पाण्याच्या पिशवीतूनच अँटिबायोटिक सुरू केलं. दीक्षा पुढं गेली. साहेब भेटायला आले तेव्हा सरांचा चेहरा उतरलेला होता. आता हे नको म्हणणार, असं मलाही वाटलं.

साहेबांनी विचारलं, "दोन दिवस कुणाला सांगितलं नसतंत तर दीक्षा पार पडली असती. मग लगेच का सांगितलंत?"

"साहेब, लपवलं असतं तर पाळक म्हणून माझं पहिलं काम माझीच मयत झाली असती."

साहेब एवढ्यांदा हसले की वॉर्डबॉय डोकावून गेला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हा माणूस किती वर्षं काम करेल, सिस्टर?"

"ते मला सांगता येणार नाही. पण बिघडलं की लगेच सांगेल, एवढं सांगते."

"मग चालेल," साहेब म्हणाले. "न सांगणारे माझ्याकडं भरपूर आहेत."

महिन्याभरानं दीक्षा झाली. शरणप्पा पहिल्या रांगेत बसले होते, कपाळाला विभूती लावून. सर आता दुसऱ्या वर्षातही त्याच गावात आहेत. मध्ये त्यांचं वजन वाढायला लागलं, पायाला सूज आली. अशा पेशंटनं पाणी, चहा मोजूनच प्यायचा असतो. चौकशी केली तर कळलं, प्रत्येक घरात चहा.

"पाळकाला न्हाई म्हणता येत न्हाई, सिस्टर."

मग अक्कानंच घरोघर जाऊन बायकांना सांगितलं. आता सरांना दोन घोटांचा चहा मिळतो आणि सूज उतरली आहे.

तेव्हापासून मी नव्या पेशंटला रिपोर्ट मागायच्या आधी विचारते, तुम्हाला पुढं काय करायचंय? उपचार कोणता, हे त्यावरून लवकर ठरतं. रिपोर्ट तर फाईलमध्ये असतातच.