चांगदेवच्या ‘गाळ’चा शेवट

जुन्नरच्या पेठेत रामदास शेठचा छापखाना होता आणि त्या छापखान्यात चांगदेव खिळे जुळवायचा. शिशाचे बारके खिळे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. ते खणांतून वेचायचे, ओळीत बसवायचे, ओळींचं पान झालं की दोरीनं आवळून यंत्रावर चढवायचं. लग्नसराईत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ जुळवून जुळवून त्याची बोटं काळी व्हायची. डोक्यात मात्र भलतंच चाललेलं असायचं. हजारो वर्षांनंतरचं.

तो मूळचा आंबेगावच्या डोंगरातला. डिंभ्याच्या धरणाचं पाणी चढत गेलं आणि त्याचं गाव खाली राहिलं. आई गोजरबाई वरच्या अंगाला नव्या वस्तीत भात-नाचणी करत राहिली. हा दहावी करून जुन्नरला आला, छापखान्यात चिकटला, सरूबाईशी लग्न झालं आणि भाड्याच्या खोलीत संसार लागला. इथवर सगळं चारचौघांसारखं. बिघडलं ते खोडदला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पत्रिकांचा गठ्ठा पोचवायला तो नारायणगावापलीकडं खोडदला गेला होता. द्राक्षाच्या मांडवांमागं त्याला तारेच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसल्या, आभाळाकडं तोंड करून उभ्या. त्यानं गिऱ्हाइकाला विचारलं, “ह्ये काय हो?”

“दुर्बीण हाय म्हनं. आभाळातलं ऐकती.”

“ऐकती? काय ऐकती?”

“ते बांधनाऱ्याला ठावं, राव. आमाला टमाट्याचं ठावं.”

त्याच महिन्यात तो आईला घेऊन लेण्याद्रीला गेला. पायऱ्या चढून गोजरबाई टेकली, खांबांवरून हात फिरवत म्हणाली, “पांडवांनी एका राती कोरलंय समदं.” चांगदेवला शाळेत शिकवलं होतं की लेणी भिक्षूंसाठी कोरली, पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवून.  पण उतरताना त्याच्या मनात आलं, कोरणारे विसरले गेले तेव्हा पांडव आले. उद्या त्या तबकड्या बांधणारे विसरले गेले की तिथं कोण येईल?

हा किडा डोक्यात शिरला तो निघालाच नाही. चांगदेव कादंबरी लिहू लागला. नाव ठेवलं ‘गाळ’. तिच्यात सूर्य म्हातारा झालेला असतो, निखाऱ्यासारखा तांबूस, भर दुपारीही सावली धड पडत नाही. धरण गाळानं काठोकाठ भरलेलं असतं आणि त्या गाळावर माणसं राहतात. खाली कधी पाणी होतं, पाण्याखाली गाव होतं, हे त्यांच्या गावीही नसतं. भिंतीच्या पोटात एक यंत्र अजून घुमत असतं. त्याला ते घुमरी देवी म्हणतात. तिच्याशी बोलणारी एक भगतीण असते. यंत्र चालवायच्या जुन्या सूचना तिला मंत्र म्हणून पाठ असतात, आणि मंत्र म्हटला की देवी खरंच ऐकते. मेलेल्यांचे आवाज आभाळातून फिरून खोडदच्या त्या तबकड्यांत येऊन अडकलेले असतात, ते भगतिणीला हाका मारतात.

पूर्ण व्हायच्या आतच त्यानं ती पुण्याच्या एका प्रकाशकाकडं नेली. तिथले संपादक भला माणूस. त्यांनी सगळं वाचलं, चहा मागवला.

“लिहिता छान हो तुम्ही. भाषा कसदार आहे. पण हा सूर्य कशाला विझवलात? आणि यंत्राची देवी, तबकडीतली भुतं... एक तर विज्ञानकथा लिहा, नाहीतर चेटकाची गोष्ट लिहा. दोन्ही एका ताटात कसं वाढता?”

“आमच्याकडं एकाच ताटात असतं, साहेब. माझी आई बॅटरीच्या सेलला पन हळदकुंकू लावती.”

“मग तिच्यावर लिहा ना! तुमचं स्वतःचं गाव बुडालं. ते लिहा. आठवणी, माणसं, शेवटचा दिवस. ते मी उद्या छापतो.”

“गाव बुडालं ते झालं की, साहेब. मला त्याच्या म्होरलं लिवायचंय.”

संपादकांनी चष्मा काढला. “तुमच्याकडून वाचकाला ते नकोय, चांगदेवराव. राग मानू नका.”

राग कसा न मानायचा? जुन्नरच्या एसटीत बसल्यावर चांगदेवच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. बुडालेल्या माणसानं बुडालेलंच सांगायचं, पुढचं स्वप्न बघायचा परवाना दुसऱ्या कुणाकडं! पण घरी आल्यावर राग निवला आणि पुस्तक होण्याचा लोभ उरला. तो बसला आणि सूर्य पुन्हा पेटवला. देवी काढली, तबकड्या काढल्या, भगतिणीची बुडालेल्या गावातली साधी म्हातारी केली. पहिलं लिखाण आईनं ऐकलं होतं; सुट्टीत डिंभ्याला गेला तेव्हा तिला हेही वाचून दाखवलं.

गोजरबाई तांदूळ निवडत ऐकत होती. मधेच म्हणाली, “ह्ये मला कशाला सांगतो? मी व्हते की तिथं.”

“गोष्ट हाय, आई.”

“ही कसली गोष्ट? त्या घुमऱ्या बाईचं काय झालं? ती बरी व्हती.”

चांगदेवनं ते नवे कागद तिथंच चुलीत घातले. आईनं त्याच्यावर चहा केला.

मग त्यानं ठरवलं, छापखाना हाताशी असताना कुणाच्या पाया का पडायचं? रामदास शेठ पानाला चुना लावत म्हणाला, “पावसाळ्यात लग्नं नसतात, यंत्र रिकामंच असतं. कर तुझं. कापून उरलेला कागद घे. पण गिऱ्हाईक आलं की तुझा सूर्य बाजूला ठेवायचा.”

जुळणी सुरू झाली आणि पहिल्याच पानाला कपाळाला हात लावायची पाळी आली. छापखान्यात ‘ळ’ पुरेनात. लग्नपत्रिकेला ‘ळ’ लागतो किती? ‘वेळ’ आणि ‘स्थळ’, संपलं. इथं तर कादंबरीचं नावच ‘गाळ’. पानभर गाळ, काळ, काळोख, डोळे. एका वेळी दोनच पानं उभी राहायची. ती छापायची, खिळे धुऊन खणांत परत टाकायचे, की पुढची दोन. कधी वैतागून तो ‘काळोख’ काढून ‘अंधार’ घालायचा आणि रात्रभर ते त्याला टोचत राहायचं. मशीन धरायचं, शाईचे रूळ फाटायचे, ऐन रंगात कुणीतरी दशक्रियेची पत्रिका घेऊन उभं राहायचं. अशा कितीतरी पावसाळ्यांत कादंबरी पुढं सरकली. सरूबाई म्हणायची, “येवढ्यात एखांदं धरन बांधून झालं असतं.”

शेवटचं प्रकरण, दोनच पानांचं, त्यानं कागदावर लिहिलंच नाही. हात इतका सरावला होता की तो थेट खिळ्यांतच लिहू लागला. विहीर खणताना भगतिणीची कुदळ खाली बुडालेल्या देवळाच्या कळसाला लागते, आणि देवी पहिल्यांदाच तिला आपणहून काहीतरी विचारते, असं काहीसं होतं. ते जुळवताना त्याच्या अंगावर काटा आला होता. पण नेमका शाईचा रूळ फाटला. प्रूफ काढता येईना. त्यानं जुळवलेली पानं दोरीनं आवळली, वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाखाली ठेवली आणि भाताच्या आवणीला आईकडं गेला. पाऊस झोडपत होता, एसटी बंद पडली, परतायला उशीर झाला.

आला तेव्हा छापखान्यात शिशाचा वास नव्हता. खिळ्यांचे खण ठेवायचे लाकडी घोडे नव्हते. त्यांच्या जागी टेबल, टेबलावर हार घातलेला संगणक. शेठ आजारी पडून घरी होता, कारभार त्याचा मुलगा ऋषी बघत होता.

“काका, झकास झालं की नाही? आता खिळे-बिळे नकोत. तुम्हाला मीच शिकवतो.”

“खिळे कुठं हायेत?”

“पुण्याचा भंगारवाला टेम्पो घेऊन आलेला. सगळं एकदम दिलं. वितळवतात ते.”

“टेबलाखाली बांधून ठेवलेलं व्हतं.”

ऋषीनं वाकून टेबलाखाली पाहिलं. “ती जुनी पत्रिका होती ना?”

 चांगदेवच्या ओठांपर्यंत शिवी आली होती. पण पोराच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, त्याला खरंच ठाऊक नव्हतं. उलटी अक्षरं वाचायला तो कधी शिकलाच नव्हता. ज्याच्यावर धड रागावताही येत नाही अशा माणसानं आपलं वाटोळं करावं, याचाच चांगदेवला जास्त संताप आला. तो बाहेर पडला, स्टँडवर जाऊन बसला, आणि गाड्या सुटत राहिल्या.

घरी सरूबाई म्हणाली, “डोक्यात हाय ना? मग लिवा पुन्यांदा.”

“डोक्यात नाय गं. हातात व्हतं.”

आणि ते खरंच होतं. पुढं त्यानं पाचसहादा शेवट लिहिला. एकदा देवी फुटली, एकदा सूर्य पेटला, एकदा सगळेच मेले. कुठलाच तो नव्हता. देवीनं भगतिणीला काय विचारलं, हेच त्याला आठवेना. तो संगणकावर पत्रिका करायला शिकला, कारण पोट होतं. सवयीनं हात खणांकडं जायचा आणि भिंतीला लागायचा.

छापून झालेल्या पानांची त्यानं काही पुस्तकं शिवली आणि शेवटाविनाच काउंटरवर ठेवली. धूळ खात पडली. मढच्या अंगणवाडीच्या इंद्रायणीताई बहिणीची पत्रिका द्यायला आल्या, तेव्हा वाट बघताना त्यांनी एक चाळलं आणि घरी नेलं. पुढच्या रविवारच्या बाजाराला त्या हजर.

“भाऊ, पुढचं कुठंय?”

“वितळलं.”

“म्हंजे?”

त्यानं सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, हळहळल्या, आणि म्हणाल्या, “ते झालं. पण पुढचं कुठंय?”

चांगदेवनं टेबलाच्या खणातून सगळ्यात ताजा शेवट काढून दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला.

“देवीनं पानी सोडलं अन् समदे वाचले? येवढं सोपं? ह्ये नाय पटलं, भाऊ.”

“मला तरी कुठं पटलंय!”

“मग दिलं कशाला?”

असं वर्षभर चाललं. दर वेळी बाई पिशव्या सांभाळत यायच्या, वाचायच्या, नाक मुरडायच्या. चांगदेव सरूबाईकडं चडफडायचा, “हिला कळतं काय?” आणि रविवार जवळ आला की पुन्हा लिहायला बसायचा. एकदा त्यानं लिहिलं की देवी भगतिणीला विचारते, “मला कुणी बांधलं?” आणि भगतिणीला उत्तर माहीत नसतं. म्हणून ते शोधायला भगतीण गावाला कळसापर्यंत खाली उतरवते. मग ती खूप रडते.

इंद्रायणीताईंनी ते दोनदा वाचलं. “हां. आता बरं हाय. पन ती बाई येवढी रडंल असं नाय वाटत. खणून दमलेली माणसं रडत नायत, बसत्यात.”

“मग तुमीच लिवा!” चांगदेव ओरडला. रांगेतली गिऱ्हाइकं बघू लागली.

“मी कशाला लिवू? मला वाचायचं हाय,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या दुपारी त्यानं रडण्याची ओळन् ओळ खोडली. हा तो हरवलेला शेवट नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण यानंतर दुसरा कुठला सुचला नाही. ऋषीनं स्वतःहून ऑफसेटवर पुस्तक छापून दिलं, नको म्हटलं तरी मुखपृष्ठावर धरणाचा फोटो टाकला, आणि एक प्रत वाचनालयाला पाठवली.

काही महिन्यांनी चांगदेव वाचनालयात गेला. कादंबऱ्यांच्या कपाटात पुस्तक नव्हतं. सापडलं ते शेतीच्या कपाटात, गांडूळखत आणि ठिबक सिंचन यांच्या मधोमध.

“अहो, ही कादंबरी हाय,” तो ग्रंथपालाला म्हणाला. “सूर्य विझतोय यात. भगतीण हाय.”

“नाव ‘गाळ’, वर धरनाचा फोटू. मला वाटलं शेतात गाळ टाकायचं हाय.” ग्रंथपालानं पुस्तक उलटंसुलटं केलं. “कादंबऱ्यांत जागा नाय बघा. अन् हितं हाय म्हनून तर लोक नेत्यात. आठजन घेऊन गेले.”

“अन् वाचून काय म्हनले?”

“एकानं तक्रार केली. एकरी किती ब्रास टाकायचा ते दिलं नाय म्हनला.”

“अन् बाकीचे?”

“बाकीच्यांनी मुदत वाढवून घेतली.”

 भांडावं की गप्प बसावं ते चांगदेवला उमगेना. पुस्तक त्यानं दोन्ही हातांत धरलं, कादंबऱ्यांच्या गच्च भरलेल्या कपाटाकडं पाहिलं, मग ते होतं तिथंच परत खुपसलं आणि चडफडत पायऱ्या उतरला.