तांदळातलं नाव

आमच्या ऑफिसात शेजारच्या डेस्कवर नवी सहकारी आली. तिचं नाव म्हणताना मी दोनदा अडखळले. अमेरिकेतल्या डब्लिनला येऊन मला पंधरा वर्षं झाली होती, पण ब्लॅक अमेरिकन लोकांच्या अशा घडवलेल्या नावांबद्दल मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. शेवटी एकदा लंचला विचारलं, तेही शहाणपणा मिरवत.

"तुझ्या नावाचा अर्थ काय? आमच्याकडे प्रत्येक नावाला अर्थ असतो."

ती हसली. "आईने वडिलांच्या नावातलं अर्धं घेतलं, आजीच्या नावाचं शेपूट जोडलं आणि कानाला गोड लागलं ते पुढे लावलं. गुलामगिरीत आमच्या पूर्वजांची नावं मालक ठेवायचे. हे नाव माझ्या आईने ठेवलं. हाच अर्थ."

नेमका हाच प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला होता. बाबांनी माझं नाव असंच जुळवलं होतं, आजीच्या नावाची सुरुवात आणि आईच्या नावाचा शेवट घेऊन. "याला काही अर्थ आहे का?" म्हणत सासूबाईंनी लग्नात ते बदललं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. त्या दिवसापासून बाबाही मला नव्याच नावाने हाक मारू लागले. याचा मला सगळ्यात जास्त राग होता, आणि तो मी सव्वीस वर्षं गिळला होता.

त्याच महिन्यात आम्ही सिटिझनशिपचे फॉर्म भरत होतो. नाव बदलायचंय का, असा त्यात एक रकाना असतो. मी माहेरचं नाव लिहिलं.

नवरा म्हणाला, "अगं यार, बँक, लायसन्स, सगळं चेंज करावं लागेल."

"तेव्हा तांदूळ लागले, आता फॉर्म लागतील," मी म्हटलं. मग तो स्वतःच लिस्ट करायला लागला.

शपथ झाल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि सर्टिफिकेट कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, परत वाचलं.

"मला वाटायचं, तुला ते आवडत नव्हतं," ते म्हणाले. "तू तेव्हा काही बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मग त्यांनी मला त्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.