बी.एस्सी.ची पाटी

ओव्हरसियरने माझ्या पुढच्या उमेदवाराला माझ्यादेखत परत पाठवलं. "पदवीवाला? नको बाबा. चार दिवस बसशील आणि पळशील. मला मॅट्रिक पाहिजे." माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मॅट्रिक." बी.एस्सी. होऊन पालघरला वडिलांच्या घरी बसून होतो, लग्नही होऊन गेलं होतं. तेवढं खोटं तेव्हा जड वाटलं नाही.

तारापूरकडे मोठी बांधकामं निघाली होती, साठ सालानंतरची ती वर्षं. आमचा कंत्राटदार लहानसा. माझं काम फाटकावर: सकाळी मजुराला नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, संध्याकाळी परत घेऊन खिळ्याला अडकवायचा. ओव्हरसियर वाळू-सिमेंटचा हिशेब मोठ्याने करायचा, चुकायचा, आणि मी ओठ मिटून ऐकायचो. बोललो तर विचारणार, तुला रे कसं कळलं? "ए बिल्ला," अशी हाक मारायचा. दुपारनंतर पित्ताने पोटात आग पडायची. जवळच्या पाम गावात भाड्याच्या खोलीत बायको ताट वाढून बसलेली असायची आणि मी न बोलता जेवायचो, नाहीतर आमटीवरून भांडायचो. तिला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. खोटं बोलून नोकरी धरलीय, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तिच्या वडिलांनी पदवीधर म्हणून मला मुलगी दिली होती ना.

त्यांनीच लग्नात एक लाकडी पाटी रंगवून दिली होती. वर माझं नाव, खाली ठळक बी.एस्सी. ती ट्रंकेत होती. "लावूया का?" असं तिने विचारलं की मी म्हणायचो, "बघू नंतर."

एका शनिवारी मी कामावर असताना तिने ती दारावर ठोकली. मी खूश होईन म्हणून. अंधारात घरी आलो, पाटी दिसली नाही. तीही काही बोलली नाही, सकाळी मला आपोआप दिसावी म्हणून.

सकाळी ओव्हरसियर आला. आमची घरमालकीण माहेरची किनाऱ्यावरच्या नवापूरची, तिच्याकडे ताजे बोंबील मिळायचे. पिशवी हातात धरून तो आमच्या दारासमोर थांबला.

"काय रे बिल्ला, हे काय?"

मी बाहेर आलो आणि पाटी पाहिली. बायको मागे उंबऱ्यात, चहाचा कप घेऊन. नोकरी गेली, एवढंच डोक्यात आलं.

"आमच्या हिची हौस हो साहेब," मी हसत म्हणालो. "अडाणी आहे. माहेरी सांगून ठेवलंय नवरा बी.एस्सी. म्हणून."

तो खदखदून हसला. "वहिनी, आता मला इंजिनिअर करून टाका!"

ती माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोलली असती तर सगळं उघडं पडलं असतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला काय कळतंय." आणि त्याच्या हातात चहा दिला.

मालकीण अंगणातून ओरडली, "नवऱ्याला तूच पास केलास काय गं बाय? माज्या पोराला पन कर, चौथीत बसलाय तो!" नंतर विहिरीवर बायका तिला बी.एस्सी.वालीच म्हणायला लागल्या. पाटी तिनेच उपटली.

त्या रात्री तिला खरं सांगितलं. "मला आधी सांगितलं असतं तर लावली नसती," एवढंच ती म्हणाली. तू अडाणी नाहीस, हे मात्र मी म्हणालो नाही. नोकरी टिकली. पोटाची आगही टिकली.

पुढे पालघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. नव्या बिऱ्हाडात मी स्वतः ट्रंकेतून पाटी काढली, खिळा-हातोडी घेतली आणि तिला म्हटलं, "सरळ आहे का बघ."

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हीच बघा. मला कुठे वाचता येतं?"

सातवीपर्यंत शिकलेली बाई. रोज माझ्या आधी पेपर वाचायची.

मी पाटी परत ट्रंकेत ठेवली.