राखाडी रिंगा

बोईसरच्या एमआयडीसीत एका भट्टीवर माझा टेम्पो रोज लागायचा. पंपात बसणाऱ्या टायटॅनियमच्या रिंगा तिथे तापवून त्यांची वरची कातडी कडक करत. भट्टी सांभाळणारी बाई जवळच्या माकुणसार गावची. नाव मी कधी विचारलं नाही. अंबाड्यात घरच्या वाडीतला चाफा, आणि आवाज असा की भट्टीचा पंखा त्याच्यापुढे गप्प वाटावा.

पहिल्याच दिवशी निळी-जांभळी झाक आलेली रिंग बघून मी म्हटलं, "ताई, हा रंग झकास!"

"तो नुसता बघायला. जास्त वेळ तापून राखाडी झाली, की ती कामाची." तिने दोन कोऱ्या रिंगा एकमेकींवर घासल्या, त्या करकरत अडकल्या. मग दोन राखाडी घासल्या, त्या सुळकन सरकल्या.

गाडी भरण्याआधी ती हातमोजा काढून एका रिंगेची कड नखाने खरवडायची, भाकरीचा पापुद्रा सोडवावा तशी. काही निघालं नाही, की म्हणायची, "भरा, दादा."

एकदा खरंच पापुद्रा निघाला. भट्टीचा मालक हळूच म्हणाला, "जाऊ दे, पार्टी खोळंबलीय. कोणाला कळणार हाय?"

"गरजेपेक्षा जास्त भाजलं. मीच भट्टी वेळेवर उतरवली नाय," ती सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाली. "हा माल जाणार नाय."

चूक कबूल करताना माणसाचा आवाज बसतो, असंच मी आजवर पाहिलं होतं. रिकामा टेम्पो खडखडत निघाला, तरी गेटपर्यंत तिचाच आवाज येत होता.